निफाडच्या मावशींचे तीन डिस्चार्ज

मावशी पहिल्यांदा आल्या त्या दिवाळी उलटून आठवडा झाल्यावर. दुसऱ्यांदा आल्या घरी गेल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी. तिसऱ्यांदा जानेवारीच्या मध्यात, पहाटे पावणेपाचला, ॲम्ब्युलन्समधून, अर्धवट शुद्धीत. आजार तिन्ही वेळा तोच, श्वास लागण्याचा. आधीच्या दोन्ही डिस्चार्ज कार्डांवर माझीच सही होती आणि दोन्हींवर ‘प्रकृतीत समाधानकारक सुधारणा’ असं लिहिलेलं होतं.

नाशिकमधल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी छातीविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. मावशींच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने हे प्रकरण मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यात दुर्मीळ आजार नाही, नवं औषध नाही. आम्ही रोज करत होतो त्या उपचारांत काय राहून जात होतं, ते एका बाईच्या तीन खेपांमुळे आमच्या लक्षात आलं.

वय ६२. निफाड तालुक्यातलं गाव. जन्मभर द्राक्षबागेत मजुरी: विरळणी, डिपिंग, खुडा. बिडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. मशेरी होती, तीही दहा वर्षांपूर्वी सुटलेली. चूल मात्र दहाव्या वर्षापासून. छाटणीनंतर उरणाऱ्या द्राक्षाच्या काड्या हे त्या भागातलं फुकटचं सरपण, आणि ते बरंचसं अर्धवट ओलं असतं. गेली बारा वर्षं त्यांच्या प्रत्येक कागदावर ‘दमा’ असंच लिहिलेलं. मध्ये एकदा नुसत्या एक्स-रेवरून सहा महिने टीबीच्या गोळ्याही झाल्या होत्या. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी, एकदाही झालेली नव्हती.

बाई विडी ओढत नाही, म्हणजे तिला सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) नसणार, हा समज डॉक्टरांमध्येही घट्ट बसलेला आहे. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता. त्या वर्षी जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के होता, पण श्वसनाच्या जुनाट आजारांमुळे वाया गेलेल्या निरोगी आयुष्यात आपला वाटा ३२ टक्के होता. ही सगळी माणसं धूम्रपान करणारी नाहीत. चुलीचा धूर, शेतातली आणि कारखान्यातली धूळ, जुना टीबी, लहानपणीची छातीची दुखणी हेही त्यात आहे. मावशींच्या फुप्फुसाला पन्नास वर्षं धूर मिळाला होता. कागदावर त्याचं नाव ‘दमा’ पडलं, म्हणून उपचारही दम लागेल तेव्हापुरते झाले.

पहिल्या दोन खेपांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नेब्युलायझरची वाफ, सलाईन, अँटिबायोटिक, स्टेरॉइड, पाच-सहा दिवस, सुटी.

तिसऱ्या खेपेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं.

त्या आठवड्यात निफाडला कडाक्याची थंडी होती. पारा फार उतरला की द्राक्षमणी तडकतात, म्हणून शेतकरी पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतात. वर्षभराचं पीक डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. पण तो धूर गार हवेत जमिनीलगत साचून राहतो, आणि त्याच वेळी घरोघरी आंघोळीच्या पाण्याचे बंब पेटलेले असतात. मावशींचा बंब पहाटे चारला पेटायचा. तीन दिवस खोकला वाढत होता, बेडका हिरवट झाला होता. चौथ्या रात्री त्यांना आडवंच होता येईना.

मुलाने त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेलं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ७८ होतं. तिथे मास्क लावून मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन सुरू झाला आणि ॲम्ब्युलन्सने नाशिकला पाठवलं. आमच्या कॅज्युअल्टीत पोहोचल्या तेव्हा मॉनिटरवर ९९ दिसत होतं. आकडा पाहून आमच्याही माणसांना बरं वाटलं, आणि तोच मास्क आणखी पस्तीस-चाळीस मिनिटं तसाच राहिला. मावशी शांत झोपल्या आहेत असं वाटत होतं. ड्यूटीवरच्या सिस्टरने त्यांना हाक मारली, खांदा हलवला, आणि मला फोन केला: “मॅडम, या झोपलेल्या नाहीत.”

एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच ७.२४, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं; कार्बन डायऑक्साइड ८४, नेहमीच्या जवळपास दुप्पट. रक्तात ऑक्सिजन भरपूर होता आणि कार्बन डायऑक्साइडने त्यांना गुंगी आणली होती.

हे असं का होतं, ते मी आता प्रत्येक नवीन इंटर्नला फळ्यावर काढून दाखवते. खराब झालेल्या फुप्फुसात काही भागांत हवा नीट पोहोचत नाही. शरीर त्या भागांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि रक्त बऱ्या भागांकडे वळवतं. खूप ऑक्सिजन दिला की त्या आकसलेल्या वाहिन्या पुन्हा सैल पडतात. रक्त जिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येत नाही तिथे जायला लागतं. हिमोग्लोबिनला भरपूर ऑक्सिजन मिळाला की त्याने धरलेला कार्बन डायऑक्साइडही ते सोडून देतं. आणि श्वास घेण्याची ओढ थोडी मंदावते. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात. म्हणून सीओपीडीच्या ॲटॅकमध्ये सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचं असतं. २०१० मध्ये टास्मानियातल्या ॲम्ब्युलन्स सेवेत झालेल्या अभ्यासात ४०५ रुग्णांपैकी ज्यांना सरसकट जोराचा ऑक्सिजन मिळाला त्यांच्यात ९ टक्के मृत्यू झाले, मोजून-मापून दिलेल्यांत ४ टक्के. एका साध्या नॉबच्या वळणावर एवढा फरक पडतो.

मावशींना बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र, लावलं. त्यांना मास्कची भीती वाटत होती, म्हणून पहिला अर्धा तास सिस्टर तो हाताने धरून बसली. पट्टे नंतर आवळले. सकाळी दहापर्यंत पीएच ७.३३ झाला आणि मावशींनी चहा मागितला.

खरी अडचण यानंतर सुरू झाली. मुलगा मॉनिटरकडे बोट दाखवून म्हणाला, “डॉक्टर, नव्वदच दाखवतंय. ऑक्सिजन वाढवा ना.”

त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. कोविडमध्ये घरोघरी बोटाला लावायचं यंत्र आलं आणि ९४ च्या खाली गेलं की धावायचं, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं. त्यात हे नाशिक आहे. २१ एप्रिल २०२१ ला इथल्या महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून व्हेंटिलेटरवरची माणसं गेली, तो दिवस या शहरातल्या कुठल्याही कुटुंबाला विसरता आलेला नाही. अशा गावात नातेवाइकाला ‘ऑक्सिजन कमी करतोय’ म्हणून सांगायचं, आणि तेही रात्री दोन वाजता, एकट्या सिस्टरने. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर मला स्पष्टच म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही राउंडला नव्वद म्हणून जाता. रात्री काही झालं तर नातेवाईक मला धरतात आणि नोंदीखाली सही माझी असते.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तोंडी सूचना ही डॉक्टरची सोय असते. ती रात्रपाळीला आधार देत नाही. म्हणून पहिला बदल झाला तो खाटेच्या डोक्याशी. मोठ्या अक्षरांत मराठीत पाटी: ‘या रुग्णाचं ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२. यापेक्षा जास्त ऑक्सिजन यांना घातक.’ खाली डॉक्टरची सही आणि वेळ. ती पाटी नातेवाइकांसाठी तितकीच आहे. ऑक्सिजन आता औषधाच्या तक्त्यातच लिहिला जातो, इतर औषधांसारखा, किती आणि कशातून. कॅज्युअल्टीत ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारे व्हेंच्युरी मास्क आणून ठेवले. निळ्या तोटीचा २४ टक्के, पांढऱ्याचा २८. वाफ ऑक्सिजनच्या जोरावर न देता साध्या हवेच्या कॉम्प्रेसरवर द्यायला लागलो, गरज असेल तर नाकातल्या नळीने थोडा ऑक्सिजन सोबत. आणि अशा प्रत्येक रुग्णाला हेच लक्ष्य लिहिलेलं, खिशात मावेल असं कार्ड, ॲम्ब्युलन्सवाल्याला दाखवण्यासाठी.

औषधांत फारसं बदलावं लागलं नाही, कापावं लागलं. स्टेरॉइड चौदा दिवस लांबवण्याची जुनी सवय होती. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या ३१४ रुग्णांच्या अभ्यासाने पाच दिवस, रोज ४० मिलिग्रॅम, तेवढंच पुरतं हे दाखवलं होतं. आम्हाला ते माहीत होतं, तरी हात चौदाच लिहायचा. अँटिबायोटिक बेडक्याचा रंग बदलला असेल किंवा बायपॅप लागलं असेल तर.

आता पिशवीकडे येते.

मावशी आयसीयूतून वॉर्डात आल्यावर मी मुलाला म्हटलं, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी घेऊन ये, कचऱ्यात टाकायची राहिलेलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी तो लासलगावला कांदा टाकून परतताना कापडाच्या दुकानाची एक पिशवी घेऊन आला. आम्ही ती रिकाम्या खाटेवर ओतली. कॅप्सूलचे दोन पंप. कॅप्सूलचा एक डबा न उघडलेला, आमच्या पहिल्या डिस्चार्जच्या वेळचा. दाबायचा एक पंप; त्याला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, नाही. खोकल्याच्या तीन बाटल्या. स्टेरॉइडच्या अर्ध्या पट्ट्या. आणि श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या थिओफिलिनच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या नावांच्या, एक आमची, एक गावातल्या डॉक्टरांची, दोन्ही चालू.

मावशी पहिल्या खेपेपासून सांगत होत्या, “पंप घेतला की छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो.” आम्ही ते ‘पंपाची भीती’ म्हणून सोडून दिलं होतं. पंपाने थोडी धडधड होऊ शकते, पण इथे एकाच औषधाचा दुहेरी डोस पोटात जात होता. मावशी त्या गोळ्यांना ‘ताकदीच्या’ समजत होत्या आणि दोष पंपाला देत होत्या. गोळ्या बंद झाल्यावर तीन दिवसांत धडधड गेली. त्यांच्या तक्रारीकडे पहिल्याच दिवशी लक्ष दिलं असतं तर न उघडलेला तो डबा कदाचित उघडला गेला असता. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं.

मग त्यांना म्हटलं, पंप कसा घेता ते दाखवा. त्यांनी कॅप्सूल नीट बसवली, फिरवली, तोंडाला लावली आणि इतका हळू श्वास घेतला की कॅप्सूल फिरल्याचा आवाजच आला नाही. उघडून पाहिलं तर बहुतेक पावडर आतच. पावडरचा पंप जोरात ओढायचा असतो. दाबायचा पंप हळू आणि खोल. दोन्हींचा श्वास एकमेकांच्या उलट. घरात दोन्ही असले की दोन्ही चुकतात. मावशींच्या छातीत जोराने ओढण्याची ताकदच नव्हती, तेव्हा कितीही शिकवलं तरी त्या यंत्रातून औषध पोहोचणार नव्हतं. त्यांना दाबायचा पंप आणि स्पेसर दिला.

पण आम्ही तर दोन्ही वेळा शिकवलं होतं. फाइलमध्ये ‘पंप शिकवला’ म्हणून टिकही होती. मग नेमकं काय झालं, हे बघायला मी त्या पंधरवड्यात चार-पाच दिवस दुपारी वॉर्डातल्या बाकावर नुसती बसून राहिले. डिस्चार्जचा दिवस असा जातो: सकाळी राउंडला ‘आज सोडू’ म्हणायचं. फाइल बिलिंगला जाते, तिथून योजनेच्या काउंटरला, तिथून परत. मुलगा खाली-वर करत असतो. मावशी सकाळपासून साडी बदलून खाटेच्या कडेला बसलेल्या. संध्याकाळी साडेपाचला कागद येतो, इंग्रजीत, नऊ औषधांचा. तोपर्यंत पाळी बदललेली. नवीन सिस्टर घाईघाईने वॉर्डातला नमुन्याचा पंप दाखवते, तोही बहुतेक वेळा मुलाला, कारण प्रश्न तोच विचारत असतो. मग तो मेडिकलमध्ये जातो आणि तिथे जो उपलब्ध असतो तो वेगळाच पंप घेऊन थेट गाडीत बसतो. मावशींनी स्वतःचा पंप आमच्यासमोर एकदाही हातात घेतलेला नव्हता.

हे पाहिल्यावर आम्ही क्रम उलटा केला. बायपॅप निघालं की दुसऱ्याच दिवशी रुग्णाचा स्वतःचा पंप मेडिकलमधून वॉर्डात येतो आणि उरलेले सगळे दिवस त्याच पंपाने औषध दिलं जातं. रोज सकाळी सिस्टर म्हणते, “मावशी, आज तुम्ही मला शिकवा.” चूक सांगायची नाही, पुन्हा करून दाखवायचं. मावशींना स्पेसर जमायला तीन दिवस लागले. दाबण्याआधी पंप हलवायचं त्या चौथ्या दिवशीही विसरल्या. साडेपाचच्या घाईत चार मिनिटांत हे होणं शक्यच नव्हतं.

इंग्लंडमध्ये सीओपीडीच्या रुग्णाला घरी सोडताना पाच गोष्टी ठरवून करतात: पंपाची पद्धत तपासणं, त्रास वाढला तर काय करायचं ते लिहून देणं, तंबाखू सोडायला मदत, व्यायामाच्या कार्यक्रमाला नाव घालणं आणि लवकर पुन्हा भेट किंवा फोन. आम्ही त्याच घेतल्या, पण आमच्या माणसांना बसतील अशा. तंबाखूच्या जागी मावशींसाठी चूल आणि बंब आला. लिहून देण्याचा कागद एका पानाचा, मराठीत, आणि अक्षर न वाचणाऱ्यासाठी बेडक्याचे तीन रंग छापलेला. ‘श्वास किती लागतो’ या प्रश्नाला मावशी नेहमी “बराय” म्हणतात; म्हणून त्यांच्या रोजच्या गोष्टी विचारून लिहिल्या. विहिरीपर्यंत न थांबता जाता येतं का? भाकरी थापताना मध्ये बसावं लागतं का? रात्री किती उशा? यातलं एक बिघडलं आणि बेडका हिरवा झाला, तर आम्ही वेगळ्या पिशवीत बांधून दिलेली पाच दिवसांची औषधं सुरू करायची आणि वॉर्डला फोन करायचा.

फोन आमच्याकडूनही जातो, घरी गेल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आत. सुरुवातीला सिस्टर सकाळी अकराला लावायच्या आणि कोणी उचलायचं नाही. मुलगा बाजार समितीत लिलावाला उभा असायचा. आता संध्याकाळी सातला लावतात आणि फोन मावशींच्या हातात द्यायला सांगतात. पहिल्याच फोनमध्ये कळलं की त्यांनी स्पेसर धुऊन फडक्याने कोरडा पुसला होता. घासून पुसलं की प्लास्टिकवर स्थिर विजेचा भार येतो आणि औषध भिंतीला चिकटतं. साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. आम्ही हे सांगायलाच विसरलो होतो.

बंबाबद्दल मला उपदेश करायचा नव्हता. घरात गॅस होता, उज्ज्वलाचाच, पण सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचे: चहा, दूध, पाहुणे. आंघोळीचं पाणी काड्यांवर. सूनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “पहाटे सात जणांचं पाणी गॅसवर तापवलं तर सिलिंडर किती दिवस पुरंल?” हिशेब खराच होता. शेवटी बंब पडवीतून उचलून गोठ्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला नेला आणि तो पेटवण्याचं काम मावशींकडून काढलं. भाकरी अजून चुलीवरच होते. धूर कमी झाला, संपला नाही.

व्यायामाचं सगळ्यात अवघड गेलं. अमेरिकेतल्या सुमारे दोन लाख ज्येष्ठ रुग्णांची माहिती २०२० मध्ये तपासली, तेव्हा घरी गेल्यावर तीन महिन्यांत श्वसन-पुनर्वसन सुरू केलेल्यांत वर्षभरातले मृत्यू कमी आढळले. पण सुरू करणारे होते जेमतेम दीड टक्का. श्रीमंत देशात ही स्थिती, तर निफाडहून आठवड्यातून तीनदा एसटीने, रोज बुडवून, कोण येणार? आमच्या फिजिओथेरपिस्टने त्यांना घरी करायच्या चार गोष्टी दिल्या: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्याच्या बाटल्या उचलणं, ओठ आवळून फुंकर घालत श्वास सोडणं, आणि बागेतल्या ओळीत खांब मोजत चालणं. पहिल्या आठवड्यात अकरा खांब, पाचव्या आठवड्यात चौतीस. मग खुडा सुरू झाला आणि मोजणी थांबली. ती पुन्हा सुरू करायला जून उजाडला. या बाबतीत आम्ही अजून कमीच पडतो आहोत.

आठ आठवड्यांनी, छाती शांत असताना, स्पायरोमेट्री झाली. एका सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ५२ टक्के. ७० च्या खाली म्हणजे सीओपीडी. बारा वर्षांनी आजाराला त्याचं नाव मिळालं. मुलाने तोवर कर्ज काढून ऑक्सिजनचं मशिन घ्यायची तयारी केली होती. बसल्या जागी सॅच्युरेशन ९१ होतं. घरचा ऑक्सिजन आयुष्य वाढवतो तो सॅच्युरेशन सतत ८८ किंवा त्याखाली राहणाऱ्यांचं, आणि तोही दिवसाचे किमान पंधरा तास घेतला तर. मावशींना त्याची गरज नव्हती. त्याऐवजी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा ॲटॅक आला. बेडका हिरवा झाला, विहिरीच्या वाटेत दोनदा बसावं लागलं. त्यांनी पिशवीतल्या गोळ्या सुरू केल्या आणि फोन केला. दोन दिवसांत उतार पडेना, तेव्हा मुलाच्या पिकअपमध्ये बसून, शुद्धीत, दुपारच्या उजेडात आल्या. कॅज्युअल्टीतला नवा मुलगा मोठा मास्क घेऊन पुढे झाला, तर मावशींनी पदराच्या गाठीतलं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. नाकातल्या नळीने दोन लिटर, सॅच्युरेशन ९०. बायपॅप लागलं नाही. चार दिवसांनी सुटी, आणि पंप आधीपासून त्यांच्याच हातात.

त्यानंतरच्या भेटीला त्या एकट्या आल्या नाहीत. सोबत सूनबाई होत्या, वय चौतीस, पदराने तोंड झाकून खोकत. मावशी खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, “डॉक्टर, आता बंब ही पेटवते. हिची पण ती फुंकायची तपासणी करा.” येत्या मंगळवारची वेळ दिली आहे.